नेच्याचं मूळ गाव

नेचं म्हटलं की आपल्याला पावसाळी आंबोली आठवते. निथळणारी दरड, सावली, आणि त्यात थरथरणारी नाजूक पानं. खाऱ्या चिखलाशी या मंडळींचं काय काम? पण गोव्यात रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे चोडणला गेलात, तर तिथल्या कांदळवनात एक दांडगं नेचं भेटतं. नाव अ‍ॅक्रोस्टिकम ऑरियम. पुरुषभर उंच, पानं चामड्यासारखी चिवट. येणारे-जाणारे खंड्या आणि बगळे शोधत असतात, याच्याकडे कोण बघतो!

बघायचंच तर टोकाकडची एखादी पर्णिका उलटी करून बघा. एरवी नेच्याच्या पानामागे बीजाणूंचे नीटस ठिपके असतात, नाहीतर रेघा. इथे असला हिशेबीपणा नाही. सगळी पाठच गंजाच्या रंगाची, मखमली. बोट फिरवलं की तपकिरी पूड हाताला लागते.

तसं हे थोडं लबाडही आहे. मोठं झाड खारं पाणी सोसतं, पण बीजाणू रुजायला कमी खारटपणा लागतो. म्हणून ते पाण्यात न शिरता भरतीच्या वरच्या कडेला, पावसाचं गोडं पाणी मिळेल तिथे ठाण मांडतं. कांदळ तोडला की मात्र मोकळ्या जागेवर ताबा मिळवायला सगळ्यात पुढे! मलेशियातल्या मातांगच्या जंगलात तोडीनंतर नवी रोपं वाढवणाऱ्यांना त्याने पुरतं हैराण केलंय.

आता याचं मूळ गाव. आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी 2002 साली दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये अडकलेल्या गाळातून याच प्रजातीतल्या (जीनसमधल्या) एका वेगळ्या जातीचा जीवाश्म नोंदवला: अ‍ॅक्रोस्टिकम इंटरट्रॅपियम. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, म्हणजे डायनासोरांचे शेवटचे दिवस. गारगोटीसारख्या दगडात पेशीसुद्धा ओळखू येतात. तशाच थरांत छिंदवाड्याजवळ मोहगाव कलानला निपा या खाडीकाठच्या ताडाची फळंही सापडली आहेत. तेव्हा समुद्राचा एखादा फाटा तिथवर शिरला असावा, असा तर्क त्यावरून मांडला गेला. नागपूरच्या उत्तरेला खाडी! मे महिन्यात तिथे राहिलेल्या माणसाला हे पटवून दाखवा.

आणि त्याच मे महिन्यात विदर्भातली मंडळी समुद्र बघायला कोकण-गोव्यात उतरतात. किनाऱ्यावर फोटो झाले की कुणीतरी त्यांना खाडीकडे न्यावं आणि या गाववाल्याशी ओळख करून द्यावी.