लांबी ००:००

नाशिकच्या गोदाघाटावरच्या दिवाळी पहाटेला दोन आठवडे झाले, तरी तिथल्या गाण्याच्या रेकॉर्डिंगची फाइल मी रोज उघडून ऐकतो.

सहा ट्रॅकचा, हातात मावणारा रेकॉर्डर. गाणारे बुवा, पेटी, तबला आणि डग्गा यांना एकेक माइक. उरलेले दोन रामकुंडाकडे तोंड करून, पाणी आणि घंटा घ्यायला. बुवांचं वय ७९. उत्तरार्धात एका कार्यकर्त्यानं माझा अडॅप्टर काढून तिथे फोकसचा दिवा लावला आणि रेकॉर्डर बंद पडला. विचारलंसुद्धा नाही. मंडपातला प्रत्येक प्लग कुणाच्या तरी कामाचा असतो, हे आयोजकांना कधी कळणार? पण रेकॉर्डरमध्ये सेल घालून ठेवायला हवे होते, ते मी घातले नव्हते. ती चूक माझीच.

घरी आल्यावर आधी कार्डाची लॉकची खिटी सरकवली, मगच ते कॉम्प्युटरला लावलं. अशा कार्डावर काहीही लिहिलं जाता कामा नये. सहा फाइल दिसल्या, प्रत्येकी ६९१ एमबीच्या आणि लांबी ००:००. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला पुढे किती आवाज आहे तो आकडा असतो आणि रेकॉर्डिंग थांबवलं की मगच तो भरला जातो. वीज गेली, आकडा शून्यच राहिला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, एकेक तीन बाइटचा; एका ट्रॅकचे सेकंदाला १,४४,००० बाइट होतात. म्हणजे ६९१ एमबीत ८० मिनिटं. हिशेब जुळला आणि जीव भांड्यात पडला.

ओळखीचा कॉम्प्युटरवाला फोनवर म्हणाला, "फॉरमॅट मारा, मग रिकव्हरी करू." असल्या सल्ल्यांनी किती घरांतले आवाज पुसले गेले असतील!

फाइल उतरवून घेतल्या. कट नाही, कॉपी. मग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये रॉ डेटा म्हणून, म्हणजे सुरुवातीचा तो आकडा न बघता, इंपोर्ट. २४ बिटचा एक नमुना तीन बाइटचा, त्यामुळे सुरुवात एका बाइटनं चुकली तरी नुसता खरखराट. शून्यापासून घेतलं, खरखर. एक बाइट सोडून घेतलं, तीच खरखर. दोन सोडले आणि बुवांच्या माइकमधून तानपुरा आला. सहाही ट्रॅक तिथूनच घेतले, नाहीतर बाकीच्यांत खरखरच आली असती.

समारोपाची भैरवी मात्र कार्डावर नव्हतीच. ती श्रोत्यांत बसलेल्या एका ताईंच्या मोबाइलमध्ये आहे, शेजारच्यांच्या गप्पांसकट.

बुवांना पंचवटीतल्या त्यांच्या घरी जाऊन ऐकवलं. कार्डावरचं शेवटचं भजन मध्येच तुटलं, तरी त्यांचा हात मांडीवर समेपर्यंत गेला. म्हणाले, "इथवरच ठेवा. मोबाइलचं जोडू नका."

संध्याकाळी ताईंचा फोन आला. "दादा, भैरवी जोडूनच द्या. आता परत कधी गातील ते?"

दोन्ही फोल्डर तयार आहेत. पेन ड्राइव्ह अजून रिकामाच आहे.