थिरथिऱ्याला हवा असतो पाचोळा

ऑक्टोबरच्या उन्हाचा ताव उतरू लागला की पुण्याच्या आसपासच्या बागांमध्ये थिरथिरा दाखल होतो. आकाराने चिमणीएवढा, नर काळसर, पोट आणि शेपटी विटकरी, मादी मातकट. भिंतीवर, कुंडीच्या काठावर किंवा नळाच्या तोटीवर बसला की तो आधी झटक्याने मान लववतो आणि मग शेपटी अशी काही थरथरवतो की नावाची फोड करून सांगावी लागत नाही. हिमालयात आणि मध्य आशियातल्या खडकाळ डोंगरांत वीण आटोपून आलेला हा पाहुणा एकदा जागा पसंत पडली की मार्च-एप्रिलपर्यंत तिथेच ठाण मांडतो आणि दुसरा थिरथिरा फिरकला तर त्याला हुसकावून लावतो.

आमच्या बागेत त्याने आंब्याखालचा कोपरा धरला आहे, आणि त्याचे कारण आंबा नसून आंब्याखालचा पाचोळा आहे. भिंतीवरून तो जमिनीकडे टक लावून बघतो, एखादे पान हलले की खाली झेपावतो, किडा किंवा कोळी टिपतो आणि पुन्हा भिंतीवर येतो. चकचकीत फरशी घातलेल्या बाजूला तो सहसा उतरत नाही. सोसायटीच्या बैठकीत या पाचोळ्याचा विषय अधूनमधून निघतो. मी चहा पीत गप्प बसतो आणि पाचोळा तिथेच राहतो.

हिवाळ्यात बागेत येणारे बरेचसे पाहुणे कीटकभक्षी असतात. आंब्याच्या आतल्या फांद्यांवरून ‘टिर्र’ असा आवाज काढणारा लाल छातीचा माशीमार, मेंदीच्या कुंपणात दडून ‘चक् चक्’ करणारा आणि क्वचितच पुरता दर्शन देणारा वटवट्या, पार्किंगमध्ये तुरुतुरु धावत मधूनच स्कूटरच्या आरशातल्या स्वतःशी भांडणारा पांढरा धोबी, यांपैकी कोणालाच आपण गच्चीवर पसरलेल्या धान्यात रस नसतो. त्या धान्यावर पोसतात ते पारवे. पाण्याचे उथळ भांडे मात्र सर्वांच्या उपयोगी पडते.

आपल्याला निरुपयोगी वाटणारी जागाच पक्ष्यांच्या कामी येते, हीच गोष्ट शहराबाहेर माळावर मोठ्या प्रमाणात दिसते. सासवड, सुपे, बारामती या कमी पावसाच्या पट्ट्यात हिवाळ्यात गवत पिवळे पडते आणि त्याच्या शेंड्यांवरून भोवत्या हा लांब पंखांचा शिकारी पक्षी हातभर उंचीवरून तरंगत जातो, मध्येच गर्रकन वळतो आणि नाकतोड्यावर किंवा उंदरावर पडतो. त्याच माळावर चिंकारा चरतो, खोकड बिळाच्या तोंडाशी ऊन खाते, आणि मेंढपाळांच्या वाड्यांमागून लांडगाही हिंडतो. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखलेले आहे खरे, पण ते जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे. बाकीचा माळ बहुतेकांच्या लेखी पडीकच. मग पडीक जमीन हिरवी करायची म्हणून तिथे चर खणले जातात, ग्लिरिसिडियाची रोपे लावली जातात, आणि दाट झाडोऱ्यात भोवत्याला शिकार करता येत नाही हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या निमित्ताने रोपे वाटणाऱ्यांनी ती शाळेच्या आवारात लावावीत, रस्त्याच्या कडेला लावावीत, पण माळावर नेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेतकऱ्यांचे या पाहुण्यांशी नाते वेगळे आहे. हुरड्यात आलेल्या ज्वारीवर भोरड्यांचा, म्हणजे गुलाबी मैनांचा, थवा उतरला की माळ्यावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्याला त्यांच्या गुलाबी रंगाचे कौतुक वाटण्याची शक्यता नाही. तरीही याच भोरड्या शेतातले टोळ आणि नाकतोडेही फस्त करतात, तेवढी बाजू त्यांच्या खात्यावर मांडायला हवी.

माळावर जायचेच असेल तर डिसेंबर-जानेवारीत, उतरत्या उन्हाला जावे. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवावी आणि अंधार पडायच्या आत गवतातून बाहेर पडावे, कारण भोवत्या रात्री झाडावर बसत नाहीत. बऱ्याच जणी मिळून उंच गवतात जमिनीवरच मुक्काम करतात, आणि एकदा उठवल्या की त्यांना अंधारात दुसरी जागा शोधत फिरावे लागते.