विशनसरच्या ओलीचे उत्तर गच्चीवर सापडले

काश्मीरच्या सरोवरांमधील एकट्याच्या सफरीचा मागील वृत्तांत विशनसरच्या त्या भिजलेल्या पहाटेपाशी थांबला होता. तेव्हापासून ज्या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवला, त्याचे उत्तर परवा नागपुरात घराच्या गच्चीवर मिळाले.

सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, पावसाचा थेंबही नसताना, माझा एकपदरी तंबू आतून ठिबकत होता आणि स्लीपिंग बॅगच्या पायाकडील पिसांचे गोळे झाले होते. सारा दोष श्वासातील बाष्पाला देऊन मी परतल्यावर तंबूच्या शेंड्याला दुसरा झरोका बसवून घेतला. सीताबर्डीवर सॅकच्या चेनी दुरुस्त करणाऱ्या कारागिराने तो इतका सुबक शिवला, की शिवणीवर सिलिकॉन लावल्यानंतर बादलीभर पाणी ओतूनही काही झिरपले नाही. तंबूच्या मूळ शिवणीपेक्षा हे काम निश्चितच सरस आहे.

तरीही नोव्हेंबरच्या निरभ्र रात्री, दोन्ही झरोके आणि अर्धे दार उघडे ठेवून गच्चीवर झोपलो, तेव्हा पहाटे चारला कापड पुन्हा ओले होते आणि स्वयंपाकघरातील काट्यावर बॅग ६० ग्रॅमने जड भरली. दुसऱ्या रात्रीही तेच झाले. तिसऱ्या रात्री मी तंबू रिकामाच उभा केला, आणि आत कोणीही श्वास घेत नसताना तो आतूनही ओला झाला. सकाळी खाली उतरलो तर उघड्यावरच्या स्कूटरची सीट दवाने निथळत होती, कडुलिंबाखालची मात्र कोरडी होती. निरभ्र आकाशाकडे उष्णता सोडून कापड भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होते आणि दव त्याच्या दोन्ही अंगांवर धरते. श्वासाचे बाष्प त्यात केवळ भर घालते. चौथ्या रात्री तंबूच्या हातभर वर जुनी चादर ताणून बांधली, आणि पहाटे आतून हात फिरवला तेव्हा बोटे कोरडी राहिली! तो आनंद मला गडसरची खिंड चढून गेल्याच्या तोडीचा वाटला.

विशनसरला झाडे नाहीत, आणि मी तर पाण्यालगतच्या, थंड हवा साचणाऱ्या खोलगट जागी तंबू ठोकला होता. यापुढे काठापासून तीस-चाळीस मीटर वर, वारा खेळणाऱ्या उंचवट्यावरच मुक्काम करीन आणि सोबत पातळ ताडपत्री नेईन. ती पॉलिएस्टरचीच हवी, कारण नायलॉन ओल शोषून सैल पडते आणि मध्यरात्री दोऱ्या ताणत बसावे लागते.

हे लिहितानाच सुचले, की पुढील उन्हाळ्यात थेट काश्मीरमधील गंगाबल सरोवराला न जाता आधी उत्तराखंडमधील दोडीताल सरोवराला जावे. ते सुमारे ३,००० मीटरवर असून भोवती दाट जंगल आहे. वाळक्या फांद्यांची झाडे टाळून एक रात्र झाडाखाली आणि एक उघड्यावर काढली, तर दोन्हींची तुलना एकाच सफरीत होईल. दोडीतालच्या पुढील दारवा खिंडीचा बेत त्यानंतर ठरवीन. ताडपत्रीच्या कापडासाठी उद्या इतवारीत जात आहे. २५० ग्रॅमच्या आत बसणारे कापड मिळाले, तर शिवणकाम त्याच कारागिराकडे देईन.