पावत्यांची पिशवी

आमच्या चर्चच्या मंडळीचा जमाखर्च लिहायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. पहिले तीन महिने वही अगदी चोख. चौथ्यापासून पावत्या एका कापडी पिशवीत साठत गेल्या आणि पिशवी कपाटात मागे मागे सरकत गेली. असे सात महिने.

मी काही लोळत पडलो नव्हतो. उपासनेच्या खुर्च्या लावायला मी पुढे, आजाऱ्यांना भेटायला मी पुढे. वहीची आठवण झाली की मात्र ‘आधी प्रार्थना करतो, मग बसतो.’ प्रार्थनेत डोळा लागायचा. देवाचं नाव पुढे केलं की कोणी काही बोलत नाही, मी स्वतःसुद्धा.

मग एका दुरुस्तीच्या खर्चाची विचारणा झाली आणि पिशवी उघडावी लागली. काही पावत्यांवरची अक्षरं उडाली होती. यंत्रातून निघतो ना तो गुळगुळीत कागद, काही महिन्यांत कोरा पडतो. एक पावती खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली. रकमेतलं शेवटचं शून्य तेवढं दिसलं.

त्या रात्री बायबलमधलं नीतिसूत्रे काढलं. ‘अरे आळशा, मुंगीकडे जा’ हे वचन (6:6) लहानपणापासून इतक्यांदा ऐकवलं गेलंय की ते आता लागतच नाही. अडकलो 22:13 वर. आळशी म्हणतो, बाहेर सिंह आहे. म्हणजे याला भीती वाटतेय? मत्तय 25 मधला, धन्याचे पैसे जमिनीत पुरणारा चाकरही हेच सांगतो की मी भ्यालो. धनी मात्र त्याला आळशी म्हणतो. माझा सिंह होता चौथ्या महिन्याची बेरीज. ती जुळली नव्हती.

पाळकांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत (रागावले असते तर बरं वाटलं असतं). त्यांनी इजिप्तच्या वाळवंटातल्या संत अंतोनींची गोष्ट सांगितली. मन उबगलं तेव्हा अंतोनींना आपल्यासारखाच एक जण दिसला. तो बसून दोरी वळत होता, उठून प्रार्थना करत होता, पुन्हा दोरीला बसत होता. तो देवदूत होता. असंच कर, म्हणजे तरशील, असं त्याने सांगितलं. इजिप्तच्याच वाळवंटात राहिलेल्या, 399 साली वारलेल्या इव्हाग्रियस नावाच्या साधूने या उबगाला भर दुपारचं भूत म्हटलंय. ते आलं की साधूला सूर्य हलतच नाहीसा वाटतो आणि तो सारखा खिडकीकडे बघतो. माझी खिडकी म्हणजे मोबाइल.

तेव्हापासून वही उघडून समोर ठेवायची आणि मगच प्रार्थना, तीही दोन मिनिटांची. नंतर पंचवीस मिनिटं हिशेब, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिल्या दिवशी नुसत्या पावत्या तारखेने लावल्या. पाचव्या दिवशी चौथा महिना उघडला. एक देणगी दोनदा लिहिली होती. बस्स, एवढंच. हसू आलं नाही, चीडच आली.

तिसऱ्या आठवड्यात चार दिवस बुडाले. घरात आजारपण होतं, रात्री जागरण. जुनी सवय परत आली म्हणून स्वतःला कोसत होतो, तर बायको म्हणाली, “एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी खाऊ घातलं, झोपू दिलं. 1 राजे 19 वाच, आणि झोप.” झोपलो. थकवा आणि आळस यांतला फरक मला अजून दर वेळी कळतोच असं नाही. झोपून उठल्यावरही वहीकडे जावंसं वाटलं नाही, तर समजतो की हा आळस.

दीड महिन्यात हिशेब पूर्ण झाला. तीन पावत्या कोऱ्याच राहिल्या. त्यांच्यापुढे मी लिहिलं, ‘अक्षरं उडाली, वेळेवर नोंद केली नाही,’ आणि खाली सही केली. मंडळीच्या सभेत ती ओळ मलाच मोठ्याने वाचावी लागली.