पासपोर्ट नाकारायचा तर लेखी नाकारा

पासपोर्टच्या अर्जात एक प्रश्न असतो: तुमच्याविरुद्ध भारतातल्या फौजदारी न्यायालयात एखादा खटला प्रलंबित आहे का? बहुतेक लोक तो धड न वाचताच ‘नाही’वर टिचकी मारून पुढे जातात, कारण त्यांच्यावर खटला नसतोच. माझ्यावर आहे.

2018 च्या जुलैमधलं दूध आंदोलन आठवत असेल. लिटरमागे पाच रुपये अनुदान थेट उत्पादकाच्या खात्यावर द्या, अशी मागणी होती. आम्ही आमच्या फाट्यावर रास्ता रोको केला. पोलिसांनी गाडीत घालून ठाण्यात नेलं, चहा पाजला, सह्या घेतल्या आणि संध्याकाळी सोडलं. गुन्हा लागला भारतीय दंड संहितेच्या 143, 188 आणि 341 खाली (बेकायदा जमाव, सरकारी आदेश मोडणं, वाट अडवणं), शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 37(1)(3) आणि 135 खाली, म्हणजे जमावबंदीसारखा मनाई आदेश आणि तो मोडल्याची शिक्षा. महाराष्ट्रात ज्याने कधी मोर्चा काढलाय त्याला ही 37-135 ची जोडी पाठ असते. फिर्यादी म्हणजे त्या दिवशी बंदोबस्ताला असलेला हवालदार. पुढे दोषारोपपत्र दाखल झालं आणि तारखा सुरू झाल्या.

मी चारा कापायची कुट्टी मशीन आणि गोठ्याचं साहित्य बनवतो. छोटा कारखाना आहे. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत हॅनोव्हरला युरोटियर भरणार होतं. पशुपालनाचं ते मोठं प्रदर्शन, दोन वर्षांतून एकदा होणारं. जाऊन बघावं असं बरीच वर्षं मनात होतं, म्हणून पासपोर्ट काढायला घेतला.

एजंट म्हणाला, “आंदोलनाची केस म्हणजे काय केस असते का? ‘नाही’ टाका.” हा सल्ला मला दोन-तीन शहाण्या माणसांनीही दिला होता. पण पासपोर्ट कायदा 1967 च्या कलम 12 प्रमाणे खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळवणं हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रस्ता अडवल्याच्या गुन्ह्याला, म्हणजे 341 ला, जास्तीत जास्त एक महिना आहे. एका महिन्याचा गुन्हा लपवायला दोन वर्षांचा करायचा, हे गणित मला पटेना. मी ‘होय’ टाकलं, खटल्याचा नंबर आणि कोर्टाचं नाव लिहिलं आणि 1500 रुपये भरले.

पासपोर्ट सेवा केंद्रात ए, बी, सी असे काउंटर असतात. ए ला फोटो, बोटांचे ठसे आणि कागद स्कॅन करणं. बी ला तपासणी. सी ला निर्णय घेणारा अधिकारी. ए आणि बी झटक्यात झाले, सी ला गाडी अडली. अधिकाऱ्याने स्क्रीन पाहिली आणि म्हणाला, “कोर्टाची एनओसी आणा.” म्हणजे कोर्टाची हरकत नाही असा कागद.

कशाच्या आधारावर, कोणत्या नमुन्यात, किती मुदतीची, असं विचारलं तर तो म्हणाला, “तुमच्या वकिलाला माहिती असेल.” बोलणं अगदी सभ्य होतं. फाईल होल्डवर गेली.

कोर्टात गेलो तर तिथला कारकून म्हणाला, “पासपोर्टवाल्यांचं पत्र कुठंय? त्यांनी मागितलंय हे आम्हाला कसं कळणार?” परत पासपोर्ट कार्यालयात विचारलं, तर असं पत्र आम्ही देत नाही म्हणाले. दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी बरोबरच होती आणि मी मधल्या मधे फिरत होतो.

इथे आमच्या वकीलसाहेबांनी जे दाखवलं, त्याच्यासाठी खरं तर हे सगळं लिहितोय.

ते म्हणाले, “तुम्हाला पासपोर्ट नाकारलाय का?” मी म्हटलं, “नाही, होल्डवर आहे.” “मग तेच दुखणं आहे. नाकारला असता तर कलम 11 खाली अपील करता आलं असतं. होल्डवर अपील कुठे करणार?” मग त्यांनी कायद्याचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. कलम 5(2) प्रमाणे अधिकाऱ्याने पासपोर्ट द्यायचा किंवा नाकारायचा. कलम 5(3) प्रमाणे नाकारला तर थोडक्यात का होईना, पण कारणं लिहून ठेवायची आणि अर्जदाराने मागितली तर त्याची प्रत द्यायची. प्रत न देण्याची मुभा देशाची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक हित अशा मोजक्या कारणांसाठीच आहे. होल्ड ही त्या दोन्हींच्या मधली जागा. तिथे कुणी काही ठरवलेलं नसतं, त्यामुळे कुणाला जाबही विचारता येत नाही. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला कोर्टात आव्हान देणं अवघड असतं. कागद असला की त्यावर कुणाची तरी सही असते आणि सही करणारा दोनदा विचार करतो.

हा कायदाही सरकारने आपण होऊन केलेला नाही. 1967 पर्यंत पासपोर्ट कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे सांगणारा कायदाच नव्हता. सरकारची मर्जी. सतवंतसिंग साहनी नावाच्या व्यावसायिकाला पासपोर्ट परत करायला सांगितला आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्या पीठाने एप्रिल 1967 मध्ये तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितलं की परदेशी जाणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायदा केल्याशिवाय तो हिरावता येणार नाही. त्यानंतर काही आठवड्यांत पासपोर्ट कायदा आला. पाचांतला एक न्यायमूर्ती इकडचा तिकडे झाला असता तर माझ्या हातात 5(3) नसतं.

पुढचा भाग मेनका गांधींचा. जुलै 1977 मध्ये त्यांचा पासपोर्ट ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त केला. कारणं मागितली तर ती देणंही सार्वजनिक हिताचं नाही, असं उत्तर आलं. 25 जानेवारी 1978 ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की नुसता कायदा असून भागत नाही. त्यातली कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी हवी, मनमानी नको. हा निकाल सगळे मोठ्या अभिमानाने सांगतात. पण वकीलसाहेबांनी हळूच एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी मेनका गांधींचा जप्तीचा आदेश कोर्टाने रद्द केलाच नाही. आम्ही त्यांचं म्हणणं ऐकून घेतो, असं सरकारी पक्षाने आश्वासन दिलं आणि कोर्ट तिथे थांबलं. ज्यांच्या नावाने अख्खा देश या निकालाचा आधार घेतो, त्यांच्या पदरात त्या दिवशी पडलं ते एवढंच.

असो. मी पासपोर्ट कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पोहोच पावतीसह पत्र पाठवलं. मजकूर साधा होता. माझा अर्ज मंजूर करावा; मंजूर करता येत नसेल तर कलम 5(2)(c) खाली नाकारावा आणि 5(3) प्रमाणे कारणांची प्रत द्यावी; कागद हवा असेल तर कोणत्या तरतुदीखाली हवा ते कळवावं. रागाचा एक शब्द नाही. माझ्या पहिल्या मसुद्यात दोन परिच्छेद होते, ते वकीलसाहेबांनी काट मारून उडवले.

उत्तर आलं, आणि मला वाटलं होतं त्याच्या बरंच आधी आलं. कलम 6(2)(f) प्रमाणे फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असल्याने पासपोर्ट देता येत नाही, मात्र 25 ऑगस्ट 1993 च्या जीएसआर 570(ई) या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाची परवानगी आणल्यास सूट मिळेल, असं त्यात होतं. म्हणजे रस्ता आधीपासूनच होता. काउंटरवर तो कुणी सांगितला नव्हता.

ही अधिसूचना ज्यांच्यावर केस आहे त्यांनी नीट वाचावी. कोर्टाने आदेशात मुदत लिहिली असेल तर पासपोर्ट तेवढ्या मुदतीचा मिळतो. मुदतच लिहिली नसेल तर एका वर्षाचा. आमच्याच गुन्ह्यातल्या एका मित्राने आधी अर्ज केला होता. आदेशात नुसतं ‘हरकत नाही’ आलं आणि त्याच्या हातात एक वर्षाचं पुस्तक पडलं. व्हिसाची तारीख मिळेपर्यंत त्यातले महिने उडाले. म्हणून आमच्या अर्जात विनंतीच्या परिच्छेदात ‘दहा वर्षे’ हे शब्द ठळक करून घातले. जोडीला सातबारा, कारखान्याची कागदपत्रं आणि पासपोर्ट कार्यालयाचं ते पत्र.

आता कोर्टातल्या कारकुनाने एका मिनिटात अर्ज घेतला. त्यावर सरकारी वकिलांचा ‘से’, म्हणजे त्यांचं लेखी म्हणणं, मागवला गेला. त्यांनी पोलिसांचा अहवाल जोडला, त्यात नेहमीचं वाक्य होतं: आरोपी परदेशात पळून जाण्याची शक्यता नाकारता येत नाही. माझ्या गोठ्यात तेव्हा सतरा जनावरं होती. त्यांना सोडून मी कुठे पळणार होतो, ते अहवाल लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

सुनावणीला मॅजिस्ट्रेट मॅडमनी अहवालाकडे फारसं बघितलं नाही. रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची कोर्टातली नोंद, मागवला आणि बोट फिरवत पानं उलटत राहिल्या. प्रत्येक तारखेला आरोपी हजर, आरोपी हजर, साक्षीदार गैरहजर. फिर्यादी हवालदारच साक्षीला आला नव्हता, त्याची बदली झाली होती. त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, “खटला कुणामुळे थांबलाय?” सरकारी वकील म्हणाले, “योग्य तो आदेश व्हावा.” मॅडमनी मला उभं केलं. “परत येणार ना?” “येणार, मॅडम.” “मग पुढच्या तारखेलाही या.” कोर्टात थोडं हसू पसरलं.

आदेश पाच वर्षांचा झाला. प्रत्येक प्रवासाआधी कोर्टाला कळवायचं, ही अट. दहा मागून पाच मिळाली, तरी आम्ही वर गेलो नाही. मुदतीसाठी उच्च न्यायालयात जाता आलं असतं, पण नोव्हेंबर जवळ येत होता.

प्रमाणित प्रत नकला विभागातून घेतली. ‘कोर्ट बोलावेल तेव्हा हजर राहीन’ असं हमीपत्र अधिसूचनेप्रमाणे द्यावं लागतं, तेही जोडलं. मग पोलीस पडताळणी, त्याच पोलीस ठाण्याची. आलेल्या पोराने टॅबवर माझं नाव टाकलं, गुन्हा बघितला आणि विचारलं, “दुधाचं काय झालं हो शेवटी? दर मिळाला का?” त्याच्या घरीही चार म्हशी होत्या.

पासपोर्ट स्पीड पोस्टाने आला. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला पासपोर्टची परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैधता लागते, ती अडचण आता नव्हती. मुंबईच्या विमानतळावर आदेशाची प्रत खिशात होती, कुणी मागितली नाही.

गावातल्या तरुण पोरांसाठी एक सांगून ठेवतो. नुसती एफआयआर आहे, दोषारोपपत्र गेलेलं नाही, अशांनाही काही ठिकाणी खटला प्रलंबित म्हणून अडवतात. परराष्ट्र मंत्रालयाच्या 10 ऑक्टोबर 2019 च्या ज्ञापनात स्पष्ट आहे की कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतल्यावरच तो 6(2)(f) खाली प्रलंबित धरायचा. त्याची प्रत सोबत न्या. तरी तोंडी नाही म्हणाले, तर पोहोच पावतीचं पत्र टाका.

खटला अजून चालू आहे. राजकीय आणि सामाजिक आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय अधूनमधून निघतात, पण मंत्रालयाने ठरवलं म्हणून खटला संपत नाही. सरकारी वकिलाला अर्ज द्यावा लागतो आणि त्याला कोर्टाची संमती लागते. आमच्या खटल्यात तो अर्ज अजून आलेला नाही. पासपोर्टची मुदत 2027 मध्ये संपेल आणि तोवर निकाल लागला नाही, तर पुन्हा मॅडमच्या जागी जे कोणी असेल त्यांच्यापुढे रोजनामा उघडावा लागेल.