आधी चव, मग नाव: दक्षिण आफ्रिकेच्या चार वाईन्सचं घरगुती टेस्टिंग (माझा अनुभव)

लंडनमध्ये बारा मराठी मित्रमंडळींसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वाईन्सचं टेस्टिंग ठेवलं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो बाटल्या निवडण्यात. मालकी कोणाची, वाईन कोण बनवतं आणि द्राक्षं कोणाच्या बागेतली, या तीन प्रश्नांची उत्तरं बहुतेकदा वेगवेगळी निघतात. 1913 च्या कायद्यानं तिथल्या कृष्णवर्णीयांना देशातली बहुतांश जमीन विकत घ्यायला बंदी होती. आजही द्राक्षबाग आवाक्याबाहेरची, म्हणून अनेकजण द्राक्षं विकत घेतात आणि दुसऱ्याच्या वाईनरीत वाईन करतात. जमीन नाही म्हणून ती वाईन त्यांची नाही, हे मला अजिबात पटत नाही.

कुमुशा, अस्लिना आणि टेसेलार्सडाल असे तीन ब्रँड निवडले. क्रम असा लावला: कुमुशाची शेनँ ब्लाँ आणि अस्लिनाची शार्दोने या दोन पांढऱ्या वाईन्स, मग टेसेलार्सडालची पिनो न्वार ही हलकी लाल आणि शेवटी अस्लिनाचीच उम्ससाने, म्हणजे फ्रान्समधल्या बोर्दोच्या धाटणीचं लाल मिश्रण. हलक्याकडून भारीकडे. माणशी 50 मिली धरलं, तर 750 मिलीच्या बाटलीतून बारा जणांना देऊन 150 मिली उरते. चारही मिळून माणशी 200 मिली होते. तरी थुंकायला भांडं ठेवावंच, आणि गाडी चालवणाऱ्यानं ते वापरावंच.

नावं आधी सांगितली की लोक वाईनऐवजी कहाणीला दाद देतात. या वाईन्सना सहानुभूतीचे गुण नकोत, म्हणून बाटल्या झाकल्या. माझी चूक इथे झाली. कागद फक्त लेबलवर गुंडाळला होता आणि उतरत्या खांद्यांच्या बाटलीवरून एकानं पिनो लगेच ओळखली. बाटली मानेपर्यंत झाकावी, नाहीतर सरळ जगमध्ये ओतावी.

तापमानाची चूक सहसा लाल वाईनच्या बाबतीत होते. 22 अंशांच्या खोलीत ठेवलेल्या लाल वाईनमध्ये अल्कोहोलच पुढे येतं. पिनो तासभर फ्रिजमध्ये ठेवून 14 अंशांवर आणली. उम्ससाने अर्धा तास गार केली आणि मग हवा लागावी म्हणून डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या भांड्यात, ओतून ठेवली. शेनँ 10 अंशांवर, शार्दोने 12 वर. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर पुरतो. कॉर्कची बाटली उघडल्यावर आधी वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ती बाटली बाद. दुसरी हाताशी ठेवावी.

खाण्यात बटाटेवड्याबरोबरची लसणाची चटणी नडली. तिखटानं तोंड पेटलेलं असताना उम्ससानेचा तुरटपणा कडवट लागला, फळांची चव गायब. कमी तिखट खिम्याच्या पॅटिसबरोबर तीच वाईन मऊ वाटली, कारण मांसातली प्रथिनं तुरटपणा ओढून घेतात. तीळ लावलेली, बिनमिरचीची कोथिंबीर वडी शेनँबरोबर फार सुरेख गेली.

सगळ्यांनी गुण लिहून दिल्यावरच कागद काढले आणि नावं सांगितली. कुमुशा टिनाशे न्यामुडोका यांची. ते मूळचे झिंबाब्वेचे, आणि केप टाऊनमध्ये सोमेलिए, म्हणजे रेस्टॉरंटमधले वाईनतज्ज्ञ, म्हणून नावारूपाला आले. शोना भाषेत कुमुशा म्हणजे आपण 'गावी जाऊन येतो' म्हणतो ते गाव. टेसेलार्सडाल हे बेरेने सॉल्स यांच्या गावाचं नाव. अस्लिना हे न्त्सिकी बियेला यांच्या आजीचं. बियेला 1999 मध्ये शिष्यवृत्तीवर केप टाऊनजवळच्या स्टेलेनबॉश विद्यापीठात वाईन बनवायला शिकायला गेल्या. वर्ग आफ्रिकान्समध्ये चालत, ती भाषा त्यांना येत नव्हती. 2004 पासून त्या वाईनमेकर म्हणून काम करू लागल्या. ज्या भागात द्राक्षमळ्यातल्या मजुरांना मजुरीचा हिस्सा म्हणून हलकी वाईन पाजली जायची, तिथे आता लेबलवर बियेलांच्या आजीचं नाव आहे. हे ऐकल्यावर खोलीत कोणी काही बोललं नाही, मग तीन जणांनी गुणांचा कागद परत मागितला. तो मी दिला नाही.

उरलेली वाईन लहान बाटल्यांत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवली. वर हवा राहिली नाही तर दोन-तीन दिवस टिकते.