पुष्पकचा पंख उघडला तेव्हा

एच.ए.एल. या सरकारी विमान कंपनीचं पुष्पक हे छोटं विमान 1958 मध्ये पहिल्यांदा उडालं. मूळ आराखडा अमेरिकन एरोन्का चीफचा, 90 अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन, शेजारी-शेजारी दोन सीटा. आपल्या फ्लाइंग क्लबांतले कितीतरी पायलट यावरच शिकले. आमच्या हँगरमध्ये तपासणीला आलेलं पुष्पक एका निवृत्त कॅप्टनसाहेबांनी हौसेनं सांभाळलेलं. रंग असा, की तोंड दिसावं.

इंजिनानं काही त्रास दिला नाही. पंखावर ताणलेलं कापडही टेस्टरनं दाबून पाहिलं, पास. कॅप्टनसाहेब म्हणाले, "झालं ना? मग टाका सही."

पण पुष्पकच्या पंखातले स्पार, म्हणजे पंखाचा भार घेणाऱ्या लांब तुळया, लाकडी. कापड पास म्हणजे लाकूडही पास, असं नसतं. त्यात हे टेल-व्हीलवालं, म्हणजे तिसरं चाक शेपटीखाली असलेलं विमान. उतरताना गर्रकन फिरलं, म्हणजे ग्राउंड-लूप झालं, की पंखाचं टोक जमिनीला लागतं, वर रेटलं जातं, आणि सगळा जोर स्ट्रटच्या, म्हणजे पंखाला खालून आधार देणाऱ्या दांड्याच्या, फिटिंगपाशी येऊन स्पारच्या वरच्या कडेचे तंतू चेपतात. नेमकं तिथेच बघायला भोक नव्हतं. नवं पाडायचं म्हटल्यावर साहेबांचा चेहरा उतरला. तरी कापडावर भोकाची रिंग चिकटवली, सुकू दिली आणि रिंगच्या आतलं कापड ब्लेडनं कापलं.

समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. टॉर्च स्पारला जवळजवळ टेकवून, उजेड लाकडावरून तिरका सरकेल असा धरावा लागतो. आरशात दिसलं: बळकटीसाठी चिकटवलेला प्लायवूडचा डब्लर संपतो तिथेच, लाकडाच्या रेषांना आडवी, केसाएवढी रेघ. व्हार्निशवरचा ओरखडा म्हणून कुणीही सोडून दिली असती. बोट घालून नख फिरवलं तर बारीक मुरड लागली.

"साहेब, हे कधी ग्राउंड-लूप झालं होतं का?"

"माझ्याकडे आल्यापासून तरी नाही."

लॉगबुकात त्याआधीचीही नोंद नव्हती.

गोंद भरून भागेल का, असं त्यांनी विचारलं. यात भरायला फटच नसते, तंतूच मोडलेले असतात. आणि स्ट्रटच्या फिटिंगखाली जोड देता येत नाही, म्हणजे स्पार नवाच घालायचा. हौशी माणसाला हे सांगणं मला कधीच आवडत नाही.

पंख उतरवून कापड काढलं, तर टोकाच्या रिबवर, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळीवर, पॉप रिव्हेट, शेजारच्या मूळ रिव्हेटांशी अजिबात न जुळणारे. कुणीतरी टोक दुरुस्त केलं होतं आणि कागदावर काही लिहिलं नव्हतं. कॅप्टनसाहेबांनी चष्मा लावून ते पाहिले, एक शिवी हासडली आणि दुसऱ्या पंखाकडे बोट केलं.

"तोही उघडा. लाकूड मागवायचंच आहे, तर एकदाच मागवू."